शिकागो, बगदाद आणि छेदातला घोळ

२००५च्या सुमारास अमेरिकेत एक ईमेल घरोघर फिरत होता. (हे काम आपल्याकडे हल्ली व्हॉट्सॲप करतं.) त्यातलं गणित असं: इराकमध्ये बावीस महिन्यांत सरासरी १ लाख ६० हजार अमेरिकी सैनिक तैनात होते, त्यातले २,११२ मेले, म्हणजे लाखामागे ६०. राजधानी वॉशिंग्टनमध्ये हेच प्रमाण लाखामागे ८०.६. तेव्हा फौजा वॉशिंग्टनमधूनच माघारी बोलवा, असा शेवटी टोला.

आता कागद-पेन्सिल घ्या. २,११२ भागिले १ लाख ६० हजार केलं, की लाखामागे १,३२० येतात. हे बावीस महिन्यांचे. त्याला बावीसने भागलं की साठ येतात खरे, पण ते दर महिन्याचे! वॉशिंग्टनचा आकडा मात्र वर्षाचा. महिन्याची वर्षाशी तुलना करून युद्ध सुरक्षित ठरवलं होतं. ईमेलमधले आकडे जसेच्या तसे खरे धरले, तरी इराकचं प्रमाण वर्षाला लाखामागे ७२० भरतं, वॉशिंग्टनच्या नऊपट. शिवाय तो ८०.६ निवडला होता १९९१चा, म्हणजे शहरातल्या खुनांचा कळस गाठलेल्या वर्षाचा. २००५मध्ये तिथे दोनशेहून कमी खून झाले होते.

एवढ्यावर भागलं असतं, तर थट्टा म्हणून सोडून देता आली असती. पण मे २००६मध्ये आयोवाचे खासदार स्टीव्ह किंग यांनी प्रतिनिधीगृहात हाच सूर लावला. इराकमध्ये दरवर्षी लाखामागे साडेसत्तावीस नागरिक हिंसेत मरतात, वॉशिंग्टनमध्ये त्याहून जास्त. तेव्हा आपल्या पत्नीला इथेच जास्त धोका आहे, असं त्यांचं म्हणणं. बातम्या आणि शवागारांच्या नोंदींवरून मृतांची मोजदाद ठेवणाऱ्या ‘इराक बॉडी काउंट’ने त्याच वर्षी २९ हजारांच्या आसपास नागरिकांचे मृत्यू नोंदवले. देशाची लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या घरात. म्हणजे लाखामागे शंभराच्या वर, आणि तेही शांत असलेला उत्तरेचा कुर्दी भाग धरून. नुसत्या बगदादचं काय होतं, याची कल्पना यावरून करावी.

दुसऱ्या बाजूनेही हाच खेळ चालतो. ऑक्टोबर २०१९मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी शिकागोतच भरलेल्या पोलीसप्रमुखांच्या परिषदेत सांगितलं, की या शहराच्या तुलनेत अफगाणिस्तान सुरक्षित आहे. शिकागोला ‘शिराक’ (शिकागो अधिक इराक) हे टोपणनाव त्याआधीच चिकटलं होतं. पहिल्या तुलनेतून युद्ध किरकोळ ठरतं, दुसरीतून शहर बदनाम होतं. दोन्ही राजकारण्यांच्या सोयीच्या.

मग ही तुलना निव्वळ थापच आहे का? नाही, आणि इथेच प्रकरण अवघड होतं.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युअल प्रेस्टन यांनी एमिली बझेल यांच्यासोबत २००६मध्ये हा हिशेब नीट मांडला. इराकमधल्या अमेरिकी सैनिकांचा मृत्युदर वर्षाला लाखामागे ३९२ निघाला. फिलाडेल्फियातल्या २० ते ३४ वयाच्या कृष्णवर्णीय पुरुषांचा २००२चा दर होता ४३७. यात आजार, अपघात सगळंच धरलेलं होतं. तरीही ऐन उमेदीतल्या माणसांचा दर आहे हा. पुढे डिसेंबर २०२२मध्ये ब्रँडन डेल पोझो आणि सहकाऱ्यांनी फक्त बंदुकीने होणारे मृत्यू घेतले, वय १८ ते २९, फक्त पुरुष, आणि शहर न घेता एकेक पिनकोड घेतला. शिकागोतल्या सर्वांत हिंसक पिनकोडमधल्या तरुणांना गोळी लागून मरण्याचा धोका अफगाणिस्तानात लढलेल्या अमेरिकी सैनिकाच्या तिपटीहून अधिक होता: वर्षाला लाखामागे १,२७७. फिलाडेल्फियात जवळपास दुप्पट. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या सर्वांत वाईट पिनकोडांत मात्र तो सैनिकापेक्षा कितीतरी कमी. गोळीबारात सापडलेले जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक.

या अभ्यासाच्याच काळात, २०२१मध्ये, अख्ख्या शिकागोत जवळपास ८०० खून झाले. सत्तावीस लाखांच्या वस्तीत हे प्रमाण लाखामागे तीसेक. म्हणजे अख्ख्या शहराची सरासरी तीस, आणि त्यातल्याच एका पिनकोडमधल्या तरुणांत बाराशेच्या वर. नेपरव्हिल किंवा शॉमबर्गला मुलगा नोकरीला असलेल्या पुण्या-नाशिकच्या आईवडिलांनी शिकागोच्या बातम्या वाचून रात्र जागून काढायचं कारण नाही. ती उपनगरं या तिसातही मोडत नाहीत.

शहरातली हिंसा माणूस निवडते. जगात खून होणाऱ्या पाचांपैकी चार पुरुष असतात, आणि त्यातही ठरावीक गल्ल्यांतले तरुण. बॉम्बला अशी निवड नसते. गाझाची लोकसंख्या बावीस लाखांच्या आसपास. ऑक्टोबर २०२५पर्यंतच्या दोन वर्षांत तिथल्या आरोग्य मंत्रालयाने ६७ हजारांहून अधिक मृत्यू नोंदवले. वर्षाला लाखामागे दीड हजार, आणि हे अख्ख्या लोकसंख्येचं प्रमाण आहे, बायका-मुलांसकट. अमेरिकेच्या सरहद्दीवरचं मेक्सिकोतलं सिउदाद हुआरेझ २०१०मध्ये टोळीयुद्धाने अक्षरशः पोखरलं होतं, तीन हजारांवर खून झाले. तिथेही प्रमाण २३०च्या आसपास होतं.

आणखी एक गोष्ट मृत्युदरात दिसतच नाही. इराकमध्ये अमेरिकेचे साडेचार हजारांच्या आसपास सैनिक मेले, पण जखमी झाले सुमारे ३२ हजार. चिलखती जाकीट, तासाभरात हेलिकॉप्टर आणि छावणीत सज्ज शल्यचिकित्सक, म्हणून ते वाचले. हे शल्यचिकित्सक हात बसवायला कुठे जात? अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर बाल्टिमोरच्या ट्रॉमा सेंटरमध्ये, नौदलाचे लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात. गोळ्या लागलेले रुग्ण तिथे रोज येत.

‘युद्ध’ आणि ‘शांतता’ ही नावं तरी कितपत खरी, हे एल साल्वाडोरकडे पाहिलं की कळतं. १९८० ते १९९२ तिथे यादवी चालली. सुमारे ७५ हजार मेले. पन्नासेक लाखांच्या देशात हे वर्षाला लाखामागे सव्वाशे. १६ जानेवारी १९९२ला मेक्सिकोतल्या चापुल्तेपेक किल्ल्यात करार झाला. पण याच काळात अमेरिकेने लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर टोळ्यांत वाढलेल्या साल्वाडोरी पोरांना मायदेशी हाकललं. मारा साल्वात्रुचा आणि बारियो १८ या टोळ्यांनी मोहल्ले वाटून घेतले. २०१५मध्ये साडेसहा हजारांहून अधिक खून झाले, लाखामागे शंभराच्या वर. कराराला तेवीस वर्षं उलटून गेल्यावर शांततेत माणसं जवळपास यादवीइतकीच मरत होती.

मार्च २०२२मध्ये राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांनी आणीबाणी पुकारली आणि ऐंशी हजारांहून अधिक लोकांना तुरुंगात टाकलं. २०२४मध्ये सरकारी नोंदीनुसार देशभरात फक्त ११४ खून झाले. लाखामागे दोनहून कमी, म्हणजे भारताच्या बरोबरीने. माणसं रात्री बाहेर पडू लागली, हे खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र पोलीस किंवा लष्कराशी झालेल्या चकमकीत मारले गेलेले या ११४मध्ये धरलेले नाहीत. आणि आणीबाणीत कोठडीत दगावलेल्यांची मानवाधिकार संघटनांनी केलेली मोजणी तीनशेच्या पुढे गेली आहे.