बातमीतले 'आपण' म्हणजे नेमके कोण?

'आपण जिंकत आहोत!' मे १९८२ मध्ये अर्जेंटिनातल्या 'हेन्ते' या सचित्र साप्ताहिकाने मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत ही घोषणा छापली. स्पॅनिशमध्ये हे अवघे दोन शब्द. 'आपण' वेगळे लिहावेच लागत नाही, ते क्रियापदातच दडलेले असते. दक्षिण अटलांटिकमधली फॉकलंड बेटे, अर्जेंटिनाच्या लेखी मालविनास, तिथल्या लष्करी राजवटीने २ एप्रिलला ताब्यात घेतली होती आणि ती परत मिळवायला ब्रिटिश आरमार निघाले होते. अंकावर तारीख होती ६ मे. 'जनरल बेलग्रानो' ही अर्जेंटिनाची युद्धनौका बुडून तेव्हा चार दिवस झाले होते आणि तिच्यावरचे ३२३ जण मृत्युमुखी पडले होते.

तरीही त्या 'आपण'वर लोकांनी विश्वास ठेवला. का ठेवू नये? बेटांवर धाडलेल्यांत सक्तीने भरती केलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुले मोठ्या संख्येने होती. ब्वेनोस आइरेसमध्ये बायका थंडीत कुडकुडणाऱ्या या पोरांसाठी भररस्त्यात बसून मफलर विणत होत्या. टेलिव्हिजनवर चोवीस तास चाललेल्या निधिसंकलनाच्या कार्यक्रमात त्यांनी अंगावरचे दागिने काढून दिले, १९६२ साली आपल्याकडच्या स्त्रियांनी दिले होते तसेच. २७ मेच्या अंकात 'हेन्ते'ने पुन्हा छापले, 'अजूनही जिंकतोच आहोत'. १४ जूनला अर्जेंटिनाच्या सैन्याने शरणागती पत्करली. परतलेल्या मुलांना युद्धाविषयी बाहेर चकार शब्द काढायचा नाही, असे बजावण्यात आले.

'सापडलास!'

ब्रिटनमध्ये लष्करी राजवट नव्हती, पण सर्वनामाची नशा तिथेही चढली. बेलग्रानो बुडवल्यावर 'द सन' या दैनिकाने ४ मेला एकाच शब्दाचा मथळा दिला, 'गॉचा'. मराठीत सांगायचे तर 'सापडलास!' शत्रूला अरे-तुरे करणारा, गल्लीतल्या भांडणातला शब्द. मृतांचा आकडा फार मोठा असावा हे लक्षात आल्यावर नंतरच्या आवृत्त्यांत तो बदलला गेला. लोकांच्या स्मरणात राहिला तो मात्र हाच.

बीबीसीने 'आपले सैन्य' न म्हणता 'ब्रिटिश सैन्य' म्हणण्याचा शिरस्ता सोडला नाही. 'न्यूजनाइट' कार्यक्रमात पीटर स्नो यांनी दोन्ही बाजूंचे दावे ताडून पाहताना ब्रिटिशांचा उल्लेखही तिऱ्हाइतासारखा केला. ब्रिटिश आपल्याला फसवत आहेत किंवा हानी लपवत आहेत असे दिसेपर्यंत त्यांच्याच म्हणण्यावर अधिक विश्वास ठेवावा लागेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. म्हणजे कौल ब्रिटनच्याच बाजूचा! पण ते तिऱ्हाईतपण झोंबले. एका खासदाराला त्यात जवळजवळ देशद्रोह दिसला. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी ६ मेला संसदेत तक्रार केली, की काही वेळा आपल्याला आणि अर्जेंटिनाला जवळपास सारखेच लेखले जाते. ही तक्रार अगदीच पोकळ नव्हती. ज्या घरातला मुलगा त्या आरमारात आहे, त्या घराला 'ब्रिटिश सैन्य' हे शब्द परके वाटणारच. बीबीसीचे रिचर्ड फ्रान्सिस यांनी माद्रिदमधल्या भाषणात उत्तर दिले, की पोर्ट्समथची विधवा आणि ब्वेनोस आइरेसची विधवा यांच्यात फरक नाही. त्यावर आणखीच गदारोळ झाला.

आरमाराबरोबर गेलेल्या बातमीदारांची पंचाईत वेगळी होती. ते सगळे ब्रिटिश. खाणेपिणे, झोपणे आणि मरणाची भीती, सारे सैनिकांच्या सोबतीने. मजकूर धाडायचा तोही लष्कराच्याच यंत्रणेतून, तपासून घेऊन. डेव्हिड मॉरिसन आणि हॉवर्ड टंबर या अभ्यासकांनी पुढे त्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा ते सैनिकांशी किती एकरूप झाले होते हे उघड झाले. अशा वेळी 'आम्ही' हा शब्द लेखणीतून आपसूक उतरतो. बीबीसीच्या ब्रायन हॅनरहन यांनी १ मेला वेगळी वाट काढली. हल्ल्याला किती विमाने गेली हे सांगायला बंदी होती. त्यांनी एवढेच सांगितले, की जाताना ती सगळी मी मोजली आणि परत येतानाही सगळी मोजली. ना 'आपण', ना 'ते'. फक्त 'मी', आणि डोळ्यांनी पाहिले तेवढेच.

मराठीची गंमत आणखी वेगळी. इंग्रजीत 'वी' एकच. मराठीत 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तोही आत ओढला जातो. 'हेन्ते'चा मथळा म्हणूनच मराठीत 'आपण जिंकत आहोत' असाच करावा लागेल. 'आम्ही' लिहिले तर वाचक नुसता प्रेक्षक होईल, मग मफलर विणायला कोण बसणार? शिवाय मराठीत आदर देण्या-काढण्याचीही सोय आहे. आपले सेनापती 'म्हणाले', समोरचा 'म्हणाला'. आपले जवान हुतात्मा होतात, त्यांचे ठार होतात. वृत्तसंस्थेकडून आलेल्या इंग्रजी बातमीत 'म्हणाले' आणि 'म्हणाला' यांना एकच शब्द असतो. तो भेद रात्रपाळीचा उपसंपादक भाषांतर करता करता घालतो, आणि बहुधा त्याच्या ते लक्षातही येत नाही.