विकेंद्रीकरणाचे गुण कोणाला?

राजकीय अनुरूपण खेळांत पक्षांचे मूल्यमापन बहुधा एकाच रेषेवर होते. एखादा विषय स्थानिक संस्थांवर सोपवावा असे मत दिले, की पक्ष विकेंद्रीकरणाकडे सरकतो. भारतात ही मोजणी अपुरी पडते. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषय नोंदवले. त्यांपैकी किती अधिकार प्रत्यक्षात द्यायचे, हे मात्र राज्य विधिमंडळांवर सोपवले. त्यामुळे दिल्लीकडे स्वायत्तता मागणारा पक्ष राज्यात सत्तेवर येताच ग्रामपंचायतींपुरता केंद्रीकरणवादी ठरू शकतो. याउलट, केरळमधील डाव्या आघाडीच्या सरकारने १९९६ मध्ये योजना निधीचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना देण्याचे ठरवले. तेव्हा गुण द्यायचेच, तर मतदानाबरोबर निधी आणि कर्मचारी कोणाच्या हाती गेले, हेही तपासावे.