नाताळचा केक आणि मंद आच

नाताळ जवळ आला की आमच्या भगिनी एकच प्रश्न विचारतात: फळांचा केक आतून ओलसर राहावा आणि त्याच्या कडा करपू नयेत, यासाठी काय करावे? प्रश्न लहान दिसतो. पण जळगाव-नंदुरबारकडून तापी खोऱ्याच्या रेल्वेने उधन्यास येऊन येथील मागांवर राबणाऱ्या कुटुंबांस तो लहान नाही. पगारातून थोडे थोडे बाजूला काढून आणलेले काजू, बेदाणे आणि लोणी तासाभरात काळे पडले, तर केकाबरोबर महिन्याची काटकसरही करपते.

प्रथम कारण पाहू. भट्टीत डब्याचा पत्रा आधी तापतो. त्याला लागून असलेले मिश्रण लवकर शिजते, मधले मात्र मागे राहते. फळांचा केक जड असल्यामुळे उष्णता मध्यापर्यंत पोचण्यास वेळ लागतो. त्यातच साखर विपुल, आणि साखर लवकर जळते. तेव्हा कडेस आडोसा द्यावा व आच मंद ठेवावी, हेच सारे रहस्य होय.

ओलाव्याविषयी एक गैरसमज आहे. परदेशी पद्धतीत फळे रम किंवा ब्रँडीत भिजवतात. म्हणून दारूबंदीच्या गुजरातेत चांगला केक होणारच नाही, असे काहींस वाटते. वस्तुतः मद्याने स्वाद येतो व केक अधिक दिवस टिकतो. ओलावा येतो तो रस शोषून फुगलेल्या फळांतून आणि लोण्यातून. अर्धा किलो बेदाणे, मनुका व चिरलेला खजूर संत्र्याच्या पेलाभर रसात रात्रभर झाकून ठेवावा. सकाळी उरलेला रस निथळून घ्यावा. मात्र असा केक महिनाभर आधी करून ठेवू नये. सणाच्या दोन-तीन दिवस आधी करावा.

एवढ्या फळांस मैदा 250 ग्रॅम, लोणी व साखर प्रत्येकी 200 ग्रॅम, अंडी 4 आणि बेकिंग पावडर एक लहान चमचा पुरे. लोणी व साखर हलकी होईपर्यंत फेसावी, अंडी एकेक करून घालावी, मग चाळलेला मैदा हलक्या हाताने मिसळावा. फळांस थोडा मैदा चोळून ती शेवटी घालावी.

आता डबा. 8 इंची डब्यास आतून खाकी कागदाचे दोन थर तूप लावून बसवावे. कागद काठाच्या बोटभर वर असावा. बाहेरूनही जाड कागदाची पट्टी गुंडाळून सुतळीने बांधावी. वर डोकावणारे बेदाणे आत दाबावे, कारण ते जळून कडू होतात. ओव्हन 150 अंश सेल्सिअसवर ठेवून डबा मधल्या फळीवर ठेवावा. तासाभराने वरून कागद झाकावा. एकूण सुमारे दोन तास लागतात.

ज्या घरी ओव्हन नाही, तेथे जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात इंचभर कोरडी वाळू पसरून, तीवर तिवई ठेवून, घट्ट झाकणाखाली मंद आचेवर केक भाजता येतो. मात्र येथे बाहेरची कागदी पट्टी बांधू नये. ज्योतीजवळ कागद नको. दुसरा मार्ग बेकरीचा. सुरत हे तर नानकटाईचे शहर. डच व्यापाऱ्यांच्या भट्टीचा वारसा सांगणारी दोटीवाला बेकरी येथलीच. दिवाळीत नानकटाई भाजून घेण्यासाठी बेकरीत नेतात, तसाच केकचा डबाही नेता येईल. मात्र पाव निघाल्यानंतरची उतरती आच मागून घ्यावी. पावाची कडक आच केकास सोसत नाही.

मध्यभागी खुपसलेली सुई कोरडी निघाली की केक उतरवावा. सुईस ओलसर कण चिकटले तर भिऊ नये. कच्चे पीठ तेवढे नसावे. केक डब्यातच पूर्ण निवू द्यावा, नाहीतर वाफेबरोबर ओलावाही निघून जातो. मग कागदात गुंडाळून बंद डब्यात ठेवावा.

भगिनींनो, सणाच्या घाईत आच वाढविण्याचा मोह होतो. तो आवरावा. नाताळच्या सकाळी शेजारच्या घरी ताट पाठवाल, तेव्हा कडेचा तुकडाही संकोच न करता त्यात ठेवता येईल.