चॉकलेट सिस्ट : आधी गोळी की दुर्बीण?

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला. आता खरा पेच. अंडाशयात साडेचार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे झालेली, जुन्या रक्तानं भरलेली गाठ. एक डॉक्टर गोळ्या घ्या म्हणतात, दुसरे दुर्बिणीतून काढून टाका म्हणतात. घरातले सगळे त्या सेंटिमीटरच्या आकड्याकडे बघत बसतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे : जिला ही गाठ आहे तिला मूल हवंय का, आणि कधी?

मूल इतक्यात नको आणि मुख्य त्रास दुखण्याचा, तर गोळ्यांनी सुरुवात करणं रास्त. सध्या बऱ्याचदा दिली जाते ती डायनोजेस्ट, २ मिलिग्रॅम, रोज एक, खंड न पाडता. तिनं पाळी बहुधा थांबते, दुखणं उतरतं, गाठ काहीशी आकसते. पण विरघळून जात नाही, आणि गोळी सोडली की दुखणं पुन्हा डोकं वर काढू शकतं. सुरुवातीचे काही महिने मधूनच रक्ताचे डाग लागतात. हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून बायका घाबरून गोळी बंद करतात. इतकी साधी गोष्ट पहिल्याच भेटीत सांगायला हवी. सतत उदास वाटू लागलं तर मात्र डॉक्टरांना लगेच कळवायचं. दुसरा पर्याय जीएनआरएचच्या, म्हणजे पाळीचे हार्मोन दाबणाऱ्या इंजेक्शनांचा; पण त्यांनी हाडांची घनता घटते, त्यामुळे ती सहसा सहा महिन्यांहून जास्त नुसती देत नाहीत. यातल्या कुठल्याच उपचारानं दिवस जायला मदत होत नाही.

ऑपरेशनची गोष्ट नाजूक आहे. गाठीची भिंत अंडाशयाला घट्ट चिकटलेली असते. सर्जन दोन चिमट्यांनी विरुद्ध बाजूंना ताण देत ती सोलून काढतात. त्या पापुद्र्याबरोबर निरोगी भागाचा पातळ थर आणि त्यातली स्त्रीबीजंही निघून येतात. रक्त थांबवायला विजेचा चटका जास्त दिला, तर नुकसान वाढतं. ऑपरेशननंतर एएमएच (उरलेल्या स्त्रीबीजांचा अंदाज देणारा रक्तातला हार्मोन) खाली येतो तो यामुळेच. तरीही सोलणं हीच पद्धत उजवी : द्रव काढून भिंत जाळण्यापेक्षा सोलल्यावर गाठ आणि दुखणं परतण्याचं प्रमाण कमी, असा २००८ च्या कोक्रेन आढाव्याचा निष्कर्ष आहे. नुसती सुईनं उपसलेली गाठ तर बहुतेकदा पुन्हा भरते.

आयव्हीएफ करायचंच असेल, तर यश वाढेल म्हणून आधी गाठ सरसकट काढू नये, असं युरोपच्या ‘एश्रे’ संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. दुखणं असह्य असेल, बीजं काढायच्या सुईला गाठ आड येत असेल किंवा गाठीच्या स्वरूपाबद्दल शंका असेल, तर विचार वेगळा.

ऑपरेशन झालं म्हणजे गोळ्या सुटल्या, असंही नाही. लगेच मूल नको असेल तर गाठ परतू नये म्हणून त्या पुढे दीर्घकाळ सुचवल्या जातात. तारीख ठरण्याआधी एएमएच तपासून घ्या. गाठी दोन्ही बाजूंना असतील किंवा ऑपरेशन दुसऱ्यांदा होणार असेल, तर बीजं गोठवून ठेवण्याबद्दल त्याच भेटीत विचारा.