कामाची फोड, जबाबदारीची जोड

नव्या घरात राहायला गेल्यावर बाथरूमलगतच्या भिंतीला ओल येते. प्लंबर म्हणतो, पाइप ठणठणीत आहेत, फरशीवाल्याला विचारा. फरशीवाला म्हणतो, वॉटरप्रूफिंग माझ्याकडे नव्हतंच. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. अंदाजपत्रकात ‘बाथरूम’ एवढी एकच ओळ असेल, तर मधली कामं कुणाचीच नसतात.

यावरचा उपाय म्हणजे कामाची फोड, अर्थात ‘वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर’. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पात १९५०च्या दशकाच्या अखेरीस नियोजनाच्या नव्या पद्धती घडल्या. त्यांना खर्चाची जोड देताना १९६२ मध्ये तिथलं संरक्षण खातं आणि ‘नासा’ यांनी संयुक्त मार्गदर्शिकेत ही फोड मांडली. १९६८ मध्ये संरक्षण खात्याने तिचं प्रमाणित मानकच काढलं.

नियम सोपे आहेत. आधी काय तयार व्हायचं आहे ते लिहायचं, मग त्याचे भाग पाडायचे. भागांची बेरीज पूर्ण कामाएवढीच भरली पाहिजे. काही सुटता कामा नये, काही दोनदा येता कामा नये. बाथरूमचे भाग असे पडतील: पाइपलाइन आणि तिची प्रेशर टेस्ट, वॉटरप्रूफिंग, पाणी साठवून गळतीची तपासणी, ब्रिकबॅट कोबा, फरशी, नळ-फिटिंग. प्रत्येक भागापुढे एकच जबाबदार नाव, रक्कम आणि काम पूर्ण झाल्याची खूण. ‘पाणी साठवून तपासणी’ ही ओळ कागदावर आली की तिला धनीही मिळतो आणि पैसेही. खालच्या रकमा वर बेरजेत चढत जातात, त्यामुळे खर्च नेमका कुठे वाढला हे लगेच कळतं.

आपल्याकडच्या सरकारी बांधकामांत दरसूचीनुसार अंदाजपत्रक होतं आणि मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदींवर बिल निघतं. त्यातून काँक्रीट किती घनमीटर, प्लास्टर किती चौरस मीटर हे चोख समजतं. पण एका बाथरूमला एकूण किती पैसे लागले, हे त्या यादीतून सहज उमगत नाही. म्हणून दरसूचीचा आणि फोडीचा असे दोन्ही हिशेब हवेत.

फोड किती बारीक करावी? काम एका माणसावर सोपवता येईल, त्याचा खर्च खात्रीने सांगता येईल आणि ते झालं की नाही हे तपासता येईल, तिथे थांबावं. खिळ्यामोळ्यांपर्यंत गेलात तर यादी सांभाळण्यातच दिवस जातील.

घर बांधणार असाल, तर करारावर सही करण्याआधी कंत्राटदारासोबत बसून ही फोड लिहून काढा आणि ती कराराला जोडा. एकही ओळ नावाविना सोडू नका.