ओले तळहात

नववीच्या सहामाही परीक्षेत एका मुलीची उत्तरपत्रिका हातात आली. शाई पसरलेली, कागद जागोजागी फुगलेला. "पाणी सांडलंस ना? एवढा निष्काळजीपणा!" मी भर वर्गात रागावले. ती गप्प राहिली. मधल्या सुट्टीत येऊन तिने दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले. त्यांवर घामाचे थेंब साचले होते. "मॅडम, लहानपणापासून असंच आहे. अम्मी म्हणते, तू भित्री आहेस." ईदला मैत्रिणींशी हात मिळवायलाही ती लाजायची. दबक्या आवाजात तिने आणखी एक विचारले, "घामाने वुजू तुटतो का?" नाही बेटा, तुटत नाही, घाम नापाकही नसतो. पण एवढे सांगून तिची अडचण संपणार नव्हती.

हे का होते?

घाम शरीर थंड ठेवतो. आपल्या त्वचेत 20 ते 40 लाख घामाच्या ग्रंथी असतात आणि तळहात-तळपायांवर त्या फार दाट असतात. मज्जातंतूंचा इशारा मिळाला की त्या घाम सोडतात. काही जणांत हा इशारा गरज नसतानाही मिळत राहतो. याला हायपरहायड्रोसिस म्हणतात. तो बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो, दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि झोपेत थांबतो. पुष्कळदा घरात आणखी कोणाला तरी हाच त्रास असतो. हा अस्वच्छपणा नव्हे, भित्रेपणाही नव्हे. मात्र "लोक बघतील" या धास्तीने घाम आणखी वाढतो. म्हणून मुलांना टोकल्याने त्रास कमी होत नाही, वाढतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

मोठेपणी अचानक सर्वांगाला घाम येऊ लागला, तर त्यामागे दुसरे कारण असू शकते: थायरॉईड, पाळी जाण्याचा काळ किंवा एखादे औषध. रात्री कपडे भिजतात, ताप येतो, वजन घटते, तर टीबीची तपासणी करून घ्यावी. मधुमेही माणसाला थरथर होऊन दरदरून घाम फुटला, तर साखर उतरलेली असू शकते. तो शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यावे. छातीत दुखून घाम सुटला, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

उपाय काय?

सुरुवात साधी असते. त्वचारोगतज्ज्ञ अॅल्युमिनियम क्लोराईडचे लोशन देतात. ते रात्री, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावून सकाळी धुवायचे. ओल्या त्वचेवर लावले तर आग होते. अत्तराने वास झाकला जातो, घाम थांबत नाही. लोशनने भागले नाही, तर पाण्यात हात ठेवून सौम्य वीजप्रवाह देण्याचा उपचार आहे. तो घरी स्वतःच्या डोक्याने करू नये. बोटॉक्सच्या इंजेक्शनचा परिणाम काही महिने टिकतो, पण ती महाग असतात आणि तळहातावर दुखतात. गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, म्हणून त्या सल्ल्यानेच घ्याव्यात. शस्त्रक्रिया अगदी शेवटी, कारण तिच्यानंतर पाठीला किंवा पोटाला जास्त घाम सुटू शकतो.

घरी सुती कपडे वापरा. बुरखाही हलक्या, हवा खेळणाऱ्या कापडाचा असावा. पायमोजे रोज बदला, बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, म्हणजे बुरशी होणार नाही. फार तिखट आणि गरम चहाने घाम वाढतो का, हे आपले आपण पाहावे.

वर्गात काय बदलले?

आता ती शाईऐवजी बॉलपेनने लिहिते आणि हाताखाली सुती रुमालाची घडी ठेवते. मी तिच्या अम्मीला बोलावून सगळे समजावले. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग दुपट्ट्याआडून स्वतःचे हात बाहेर काढले. तेही ओले होते. "मलाही आयुष्यभर असंच आहे, मॅडम. मी कुणाला दाखवलंच नाही. माझ्या माहेरी यावर मारच मिळायचा."

दोघी मिळून डॉक्टरांकडे गेल्या. लोशनने मुलीचे हात पूर्ण कोरडे झालेले नाहीत, पण वही आता भिजत नाही. यंदाच्या ईदला तिने हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांत धरला आणि त्या दिवशीच्या रागावण्याची माफी मागितली.