विश्लेषण : किहीमच्या वाळूत मेटल डिटेक्टर फिरवताय? सापडलेले नाणे कोणाचे?

कानाला हेडफोन, हातात लांब दांड्याचा मेटल डिटेक्टर आणि पायाखाली ओहोटीची ओली वाळू. परदेशी किनाऱ्यांवरच्या अशा चित्रफिती मोबाइलवर पाहताना अनेकांच्या मनात येते, की हेच यंत्र घेऊन शनिवार-रविवारी किहीमला जायला काय हरकत आहे? यंत्र ऑनलाइन मिळते, किनारा सर्वांसाठी खुला आहे. मात्र वाळूतून दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन निघाले, तर प्रकरण थेट जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या छंदाचे तंत्र काय, कायदा काय सांगतो आणि सुरुवात करणाऱ्याने काय पाळावे, याविषयी…

हे यंत्र नेमके काय करते?

यंत्राच्या टोकाला थाळीसारखी गोल चकती असते. तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला, की जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली, तर तिच्यात छोटे भोवरा-प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र उमटते. चकतीतील दुसरे वेटोळे ते टिपते आणि कानात आवाज येतो. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते.

या तंत्राचा जन्म छंदासाठी झाला नाही. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच उपकरण वापरून पाहिले होते. तो प्रयत्न फसला. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अभियंता युझेफ कोसात्स्की यांनी बनवलेला सुरुंगशोधक मात्र १९४२ मध्ये एल अलामेनच्या लढाईत उपयोगी पडला.

किहीमच्या वाळूत अडचण कोणती?

दोन अडचणी आहेत. खारे पाणी विजेचे वाहक असते, त्यामुळे लाटांजवळच्या ओल्या वाळूत साधे यंत्र उगाचच किणकिणत राहते. दुसरे म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावरची वाळू काळसर आहे. काळ्या पाषाणातून झिजून आलेले लोहयुक्त कण तिच्यात असतात आणि तेही यंत्राला चकवतात. म्हणून नवख्याने भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू निवडावी. ओल्या वाळूसाठी स्पंद-तंत्रावर, म्हणजे पल्स इंडक्शनवर चालणारी यंत्रे असतात. ती खारेपणाला आणि काळ्या वाळूला कमी बधतात, पण लोखंड कोणते आणि चांदी कोणती, हे त्यांना नीट सांगता येत नाही.

मग सापडते काय?

बहुतेक वेळा कचरा. शीतपेयांची बुचे, सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद, होड्यांचे गंजके खिळे, जाळ्यांची शिशाची वजने. त्यानंतर चालू नाणी आणि क्वचित एखादी अंगठी किंवा पैंजण. सोन्याची बारीक अंगठी आणि ॲल्युमिनियमचा तुकडा यांचा आवाज जवळपास सारखाच येतो. त्यामुळे कचरा टाळून सोने शोधण्याची युक्ती नाही, प्रत्येक आवाजाला वाकावेच लागते. पहिल्या काही फेऱ्यांत पिशवीभर बुचे मिळाली, तर यंत्र बिघडले असे समजू नये. ती पिशवी घरी नेऊन योग्य कचऱ्यात टाकली, तरी किनाऱ्यावर उपकारच होतात.

अंगठी सापडली तर ती कोणाची?

ज्याची हरवली त्याची. ‘ज्याला सापडली त्याची’ हा खेळातला नियम आहे, कायद्यातला नाही. कोणाची तरी हरवलेली वस्तू सापडली, तर मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न करावा लागतो. तो न करता ती अप्रामाणिकपणे खिशात घातली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली मालमत्तेच्या अपहाराचा गुन्हा होऊ शकतो. सोपा मार्ग म्हणजे वस्तूचे छायाचित्र काढून जवळच्या पोलीस ठाण्यात ती जमा करणे आणि पोच घेणे. मंगळसूत्र हरवलेल्या कुटुंबाला ते परत मिळवून देणे, हीच या छंदातली सर्वांत मोठी कमाई असे अनेक देशांतील छांदिष्ट मानतात.

आणि जुने नाणे किंवा दागिना निघाला तर?

इथे १८७८ चा भारतीय गुप्तधन कायदा लागू होतो. जमिनीत लपलेली कोणतीही मौल्यवान वस्तू म्हणजे गुप्तधन आणि मर्यादा आजही दहा रुपयांचीच आहे. त्याहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. काय सापडले, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, हे त्यात लिहायचे. ठेवा सरकारी कोषागारात जमा करायचा किंवा तो हजर करण्याची हमी द्यायची. किहीमकरांना त्यासाठी लांब जावे लागत नाही, रायगडचे जिल्हाधिकारी कार्यालय अलिबागलाच आहे.

त्यानंतर दावेदारांसाठी जाहीर सूचना निघते. कोणाचाच हक्क सिद्ध झाला नाही आणि ठेवा बेवारस ठरला, तर जागामालकाशी वेगळा करार नसल्यास शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि मालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो. सरकारला तो ठेवा घ्यायचा असेल, तर त्यातील धातू-रत्नांच्या मूल्यावर एक पंचमांश अधिक रक्कम देऊन घेता येतो. न कळवणाऱ्याचा वाटा मात्र जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल, तर १९७२ चा पुरावशेष कायदाही येतो. अशी वस्तू परदेशी नेता येत नाही आणि परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही.

किल्ल्यांजवळ यंत्र का नेऊ नये?

किहीमच्या आसपासचा सारा मुलूख इतिहासाने भरलेला आहे. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी, दक्षिणेला अलिबागचा कुलाबा किल्ला, त्यापुढे चौल-रेवदंडा. शके ९३४ चा मराठी शिलालेख अलिबागजवळच्या अक्षीचा. आंग्र्यांच्या काळात ‘अलिबागी रुपया’ पाडला जाई. कुलाबा किल्ला केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे, तर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. संरक्षित जागेत परवानगीविना खणणे हा गुन्हा आहे, मग खड्डा हातभर असो की वीतभर.

त्यामागे कारण आहे. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी क्षत्रप नहपानाची होती आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. एका राजाने दुसऱ्याचा पराभव केल्याचा हा बोलका पुरावा. ती नाणी एकेक करून सराफाकडे गेली असती, तर चांदीचा भाव मिळाला असता आणि इतिहासाचे पान कायमचे गेले असते. वस्तू कुठे, किती खोल आणि कशासोबत होती, हे एकदा पुसले की परत मिळत नाही.

ठेव्याचा मोह किती महाग पडतो?

मार्च २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपटानंतर बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडालगत मुघलांचे सोने मिळेल या समजुतीने लोक रात्री बॅटऱ्या, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेते उकरू लागले. रायगडला याहून जवळची आठवण आहे. श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगरला नोव्हेंबर १९९७ मध्ये सुपारीच्या बागेत खोदताना तांब्याच्या पेटीत सुवर्णगणेशाची मूर्ती सापडली. गावाने ती जपली. मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी दोन रखवालदारांचा जीव घेऊन ती पळवली आणि वितळवली. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्राला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तरतूद करावी लागली, ती उगीच नव्हे.

पोलीस अडवतील का?

अडवले तर रागावू नये. १९९३ च्या बॉम्बस्फोटांची स्फोटके रायगडच्याच शेखाडी किनाऱ्यावर उतरली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला एके-४७ रायफली असलेली बेवारस नौका वाहत आली. अशा किनाऱ्यावर रात्री यंत्र घेऊन फिरणारा माणूस संशयित ठरणारच. दिवसा जावे, ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला आधी सांगावे, ओळखपत्र जवळ ठेवावे. पुंगळी, नळकांडे किंवा बॉम्बगोळ्यासारखे काही दिसले, तर हात न लावता दूर व्हावे आणि ११२ क्रमांकावर कळवावे.

सुरुवात कशी करावी?

आधी घरच्या अंगणात पाच-सहा वस्तू पुरून प्रत्येकीचा आवाज कानात बसवावा. किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणातील ओहोटी गाठावी, तेव्हा वाळू सर्वांत दूरपर्यंत उघडी पडते. चकती वाळूला समांतर, सावकाश फिरवावी. प्रत्येक खड्डा लगेच बुजवावा. सुरूच्या झाडांच्या मुळांशी, कासवांच्या घरट्यांजवळ आणि कोणत्याही खासगी वाडीत खणू नये. जुने नाणे चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नये, कारण त्यावरचा थर हाच त्याच्या वयाचा पुरावा असतो.

सर्वांत आवश्यक साधन मात्र वही. ब्रिटनमध्ये १९९७ पासून छांदिष्टांनी दाखवलेल्या वस्तूंची नोंद करणारी सरकारी पाठबळाची योजना आहे आणि तिच्यात दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. आपल्याकडे तशी सोय नाही, म्हणून तारीख, जागा, खोली आणि छायाचित्र आपणच टिपून ठेवायचे. १९३० च्या सुमारास याच किहीममध्ये सलीम अली सुगरणीची घरटी तासन्‌तास न्याहाळत आणि जे दिसेल ते लिहून ठेवत. त्या नोंदींतून या पक्ष्याच्या संसाराची नवी माहिती जगाला मिळाली. त्यांनी घरटे उचलून घरी नेले असते, तर त्यातले काहीच कळले नसते.